मंगळवार की गुरुवार?

वाङ्मय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कथा, कादंबरी, काव्य आणि नाटक ही चार घरे उभी राहतात. टीकाकार मंडळीही वर्षभर याच चार घरी जाऊन येतात आणि दिवाळी अंकात त्याचा हिशेब मांडतात. यंदा मी जरा आडवाटेच्या घरी गेलो. चेहऱ्याला लावायची क्रीम घरोघर विकणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाची वेळ कशी मागावी, मिळालेली वेळ वहीत कशी नोंदवावी आणि ती पाळली जावी म्हणून काय करावे, हे शिकवणारे भलेमोठे गद्य अमेरिकेत गेल्या साठ वर्षांत जमले आहे. त्यात पात्रे आहेत, संवाद आहेत, पेचप्रसंग आहेत. हजारो बायकांच्या दुपारी या गद्यावर बेतलेल्या असतात. तेव्हा कादंबरीतल्या संवादाला आपण जी कसोटी लावतो, ती यालाही लावून पाहावी असे वाटले.

या धंद्याच्या जन्मकथेत आम्हा पुस्तकवाल्यांना एक चिमटा आहे. डेव्हिड मॅककॉनेल नावाचा तरुण अमेरिकेत दारोदार पुस्तके विकत असे. बाईंनी दार उघडावे, दोन मिनिटे ऐकून घ्यावे, म्हणून तो अत्तराची लहानशी कुपी भेट देई. हळूहळू त्याच्या ध्यानात आले की बायकांना पुस्तकापेक्षा कुपीच अधिक प्रिय आहे. त्याने पुस्तके बाजूला सारली आणि १८८६ साली अत्तराचा धंदा काढला. तोच पुढे १९३९ मध्ये ‘एव्हॉन’ या नावाने प्रसिद्धीस आला. १९५४ साली त्यांच्या ज्या जाहिराती सुरू झाल्या, त्यांत दारावरची घंटा वाजे आणि एव्हॉनची बाई आल्याची वर्दी मिळे. घंटा वाजवली की झाले. वेळ ठरवायचे कारण नव्हते.

वेळ ठरवण्याला खरे महत्त्व आले ते दुसऱ्या एका बाईच्या पद्धतीत. मेरी के ॲश हे तिचे नाव. पंचवीस वर्षे घरगुती विक्रीच्या धंद्यात घालवल्यावर, आपणच शिकवून तयार केलेला पुरुष आपल्या डोक्यावर बसवला गेला, या रागाने तिने १९६३ साली नोकरी सोडली आणि धंद्यातल्या बायकांना उपयोगी पडेल असे पुस्तक लिहायला ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तिने दोन याद्या केल्या. आपण पाहिलेल्या कंपन्यांनी चांगले काय केले ही एक, आणि वाईट काय केले ही दुसरी. याद्या वाचता वाचता तिला दिसले की हा तर नव्या कंपनीचाच आराखडा आहे. पुस्तक राहिले. उद्घाटनाला महिना असताना नवरा वारला. तरी पाच हजार डॉलरांच्या शिलकीवर, वीस वर्षांच्या धाकट्या मुलाला हाताशी घेऊन, तिने १३ सप्टेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात दुकान उघडले. आत्मचरित्र लिहायला पुढची अठरा वर्षे गेली. ते १९८१ साली ‘मेरी के’ या नावाने निघाले.

तिची पद्धत अशी. एका बाईच्या घरी पाच-सहा मैत्रिणी जमायच्या. विक्रेती त्यांना चेहरा धुण्यापासून क्रीम लावण्यापर्यंत सगळे त्यांच्याच हातांनी करायला लावी. याला ‘क्लास’ म्हणत. यजमानीण बाईला भेटवस्तू मिळे. उठण्यापूर्वी विक्रेती प्रत्येकीकडे पुढची वेळ मागे, आणि जमल्यास तिच्याच घरी नवा क्लास ठरवी. म्हणजे एका भेटीच्या पोटात पुढच्या चार भेटी असत. एक बुडाली की चारही बुडत. विक्रेतीला पगार नाही. ती स्वतःच्या पैशाने माल निम्म्या किमतीत घेते आणि पुऱ्या किमतीत विकते. वहीतले पान कोरे राहिले, तर कपाटातली खोकी तशीच राहतात. मुलाला शेजारी ठेवून, पेट्रोल जाळून गेलेल्या बाईला कुलूप दिसले, तर ते नुकसान तिचे एकटीचे. हे लक्षात घेतले म्हणजे या गद्यातली घाई समजते आणि थोडी क्षम्यही वाटते.

आता ते गद्य. विक्रेतींसाठीच्या मार्गदर्शनात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. आपल्या मोकळ्या वेळा वहीत आधीच आखून ठेवाव्यात. लांबची तारीख घेऊ नये, ती विरघळते. क्लासला येणाऱ्या प्रत्येकीला आधी फोन करून तिची त्वचा कोरडी की तेलकट ते विचारून घ्यावे. आदल्या दिवशी आठवण द्यावी. आणि वेळ मागताना ‘येऊ का?’ असे कधीही विचारू नये, ‘केव्हा येऊ?’ असे विचारावे. मराठीत मासला करायचा तर तो असा होईल: ‘‘ताई, तुमच्या त्वचेला काय मानवते ते बघायला तासभर हवा. मंगळवारी दुपारी सोयीचे पडेल, की गुरुवारी संध्याकाळी?’’

यातला त्वचेविषयीचा फोन मला वाङ्मयदृष्ट्या उत्तम वाटतो. ज्या बाईला उद्या पाच जणींत बसायचे आहे, तिच्याविषयी कुणीतरी आज वेगळा विचार केला, ही जाणीव तिला होते. कादंबरीकारही गर्दीतल्या पात्राला असेच एखादे लक्षण देऊन वेगळे काढतो. अशी बाई क्लासला येण्याचा संभव अधिक, कारण तिथे तिची जागा राखलेली आहे.

मंगळवार-गुरुवारचे वाक्य मात्र मला खटकते. कारागिरी म्हणून ते घोटीव आहे. ऐकणारी बाई दोन वारांत निवड करू लागते आणि आपल्याला मुळात यायचे आहे की नाही, हे विचारायला विसरते. पण हा संवाद नव्हे. नवखा लेखक दोन पात्रे समोरासमोर बसवतो, त्यातले एक त्याच्या बाजूने बोलते आणि दुसरे फक्त ‘होय, खरे आहे’ म्हणत राहते. अशी प्रकरणे आपण कंटाळून उलटतो. इथे तर दुसरे पात्र कागदावरचे नाही. ते फोन ठेवते, भाजी फोडणीला टाकते, आणि मग त्याच्या लक्षात येते की आपण हो म्हटलेच नव्हते. मंगळवारी दाराला कुलूप दिसते ते याचमुळे. वेळ मिळाली, पण शब्द मिळाला नव्हता.

विक्रेत्याची गोष्ट म्हटली की आर्थर मिलरचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ हे १९४९ चे नाटक आठवल्यावाचून राहत नाही. विली लोमन आयुष्यभर विकतो काय, हे मिलर शेवटपर्यंत सांगत नाही, आणि तरीही विली आपल्याला पुरता कळतो. या मार्गदर्शक गद्यात नेमके उलटे आहे. माल कोणता, त्याचे डबे किती, कोणते आधी लावायचे, सारे तपशीलवार असते. माणूस तेवढे नसते. गिऱ्हाईक नकार देते तेव्हा त्याला ‘हरकत’ म्हणतात आणि तिच्या निवारणाचे वाक्य देतात. नकारामागे आजारी सासरे असतील, महिनाअखेर असेल, किंवा नुसतीच अनिच्छा असेल. त्यासाठी जागा नसते.

आणि नवल असे की, मेरी केच्या स्वतःच्या पुस्तकात फोनवरच्या संभाषणाचा एक अतिशय सुंदर नमुना आहे. ती सात वर्षांची असल्यापासून तिचे वडील अंथरुणाला खिळलेले आणि आई ह्यूस्टनमधल्या एका खाणावळीत दिवसाचे चौदा तास कामावर. वडिलांना बटाट्याचे सूप हवे असले की पोर आईला फोन करी. आई एकेक पायरी सांगे आणि शेवटी धीर देई, की तुला हे जमेल. या प्रसंगात तंत्र नाही. पोरीची अडचण खरी आहे, आई ती ऐकते, उत्तर तिच्या अडचणीपुरतेच देते, आणि फोन ठेवल्यावर पोर स्वतः चुलीशी जाते. ज्या लेखणीने हे लिहिले, तिच्याच पंथात पुढे वारांचा तो प्रश्न रुजावा, ही मला या वाङ्मयाची शोकांतिका वाटते.

हा प्रश्न आता आपल्याकडेही ऐकू येतो. एव्हॉन १९९६ साली भारतात आली, ओरिफ्लेम त्याच्या एक वर्ष आधी. आमच्या शाळेतल्या एक बाई सुट्टीच्या दिवशी अशाच एका कंपनीची क्रीम विकतात. त्यांनी मला आपली वही दाखवली. नाव, वार, वेळ असे रकाने, आणि शेवटच्या रकान्यात काय घडले ते. ‘पाहुणे आले.’ ‘सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे होते.’ ‘फोन उचलला नाही.’ आणि ठिकठिकाणी एकच शब्द: ‘बघू.’ वाचक म्हणून सांगतो, त्या रकान्यात मार्गदर्शक पुस्तिकांपेक्षा अधिक वाङ्मय होते.

‘बघू’ हा शब्द अमेरिकन गद्याला कळणार नाही. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला तोंडावर ‘नको’ म्हणणे असभ्य मानतात. मग आपण ‘बघू’ म्हणतो, ‘सांगते तुम्हाला’ म्हणतो, फार तर ‘या की एकदा’ म्हणतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ‘संध्याकाळी या’ एवढेच बोलावणे पुरते; साडेपाच की सात, हे कुणी विचारत नाही. तिथे उशीर झाला तरी कुणाचे काही बुडत नाही. येणारीच्या हाती वाण पडते, तिच्याकडून काही मागितले जात नाही. विक्रेती त्याच दिवाणखान्यात येते, पण तिचा तास मोजलेला असतो. ‘या की एकदा’ ही वहीत नोंदवण्याजोगी वेळ नव्हे.

बाई म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. फोनवरची ही वाक्यं जरा चांगल्या मराठीत करून द्या.’’ मी करून दिली. त्यांनी वाचली, आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक वाक्य जोडले: ‘‘नको असेल तर आत्ताच सांगा ताई, मला राग नाही, पण हो म्हणालात तर माझ्यासाठी घरी थांबा.’’ वही त्यानंतर पातळ झाली. विक्री दुप्पट झाली, असेही काही नाही. मात्र रिक्षाचे भाडे फुकट जाण्याचे प्रसंग कमी झाले, आणि ज्यांनी ‘नको’ म्हटले त्या बायका रस्त्यात भेटल्यावर तोंड चुकवीत नाहीत, असे बाई सांगतात. माझ्या मते त्या चार ओळींतली वाङ्मय म्हणावी अशी ओळ ती एकच.

आता कायदाही या बाजूला आला आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे जे नियम लागू झाले, त्यांनुसार ओळखपत्रावाचून आणि आधी वेळ वा संमती घेतल्यावाचून विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जायचे नाही. अमेरिकेत १९७४ पासून, काही अपवाद सोडता, घरी येऊन विकलेली २५ डॉलरांची वा त्यावरची वस्तू तीन कामकाजी दिवसांत परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. दोन्ही नियमांचा अर्थ एकच: घरात बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायला अवसर हवा. हा अवसर कायद्याने द्यावा लागला, याचे कारण संवाद लिहिणाऱ्यांनी तो ठेवला नव्हता.

एवंच, हे गद्य मेहनतीचे आहे आणि एका कष्टाळू, स्वाभिमानी स्त्रीच्या हट्टातून निघाले आहे. त्याचे पाठांतर करणाऱ्या बायका त्याहून कष्टाळू आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की त्या प्रश्नात मंगळवार आणि गुरुवार यांच्या शेजारी तिसरी एक जागा ठेवावी. आणि वाचकहो, या संवादात दुसरे पात्र आपण आहोत. सणाच्या दिवसांत असा फोन आपल्या घरीही येईल. यायचे असेल तर वार सांगावा आणि त्या वेळी घरी असावे. नको असेल तर ‘नको’ म्हणावे. आपल्या एका मवाळ ‘बघू’पायी कुणा बाईची दुपार खर्ची पडते.