अपंगांच्या संघटना आणि ‘क्षमते’चा प्रश्न

सामाजिक कार्याच्या परिभाषेत काही शब्द असे असतात की त्यांच्यावर कोणी आक्षेपच घेत नाही. ‘क्षमताबांधणी’ हा त्यांतलाच एक. अपंगांनी चालवलेल्या संघटनांची क्षमता वाढवली पाहिजे, असे निधी देणाऱ्या संस्था म्हणतात, परिपत्रके म्हणतात, चर्चासत्रे म्हणतात. पण हा शब्द काय गृहीत धरतो, ते कोणी तपासत नाही. तो गृहीत धरतो की उणीव संघटनेत आहे आणि ती भरून काढणारा बाहेर आहे. एक कायमचा शिकवणारा, दुसरा कायमचा शिकणारा.

ज्यांच्या घरात पदवी पहिल्यांदाच आली, त्यांना हा सूर ओळखीचा आहे. राखीव जागेच्या फायलीवरचा ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही’ हा शेरा याच सुरातला. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय नोकऱ्यांत चार टक्के जागा अपंगांसाठी राखून ठेवल्या. त्याच कायद्यात अशीही सोय आहे की, पात्र व्यक्ती न मिळाल्यास जागा पुढील वर्षासाठी ओढावी आणि त्या वर्षीही कोणत्याच प्रवर्गातील अपंग न मिळाल्यास ती इतरांतून भरावी. पात्रता ठरवणारा कोण? ज्याच्या इमारतीला उतार नाही, ज्याची प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये नाही, तोच. दार बंद ठेवायचे आणि आत न आलेल्याला अक्षम म्हणायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

म्हणून पहिला भेद स्पष्ट केला पाहिजे. अपंगांसाठीच्या संस्था वेगळ्या आणि अपंगांच्या संघटना वेगळ्या. आपल्या चळवळीने या भेदाची किंमत फार पूर्वी मोजली आहे. १९३२ साली हरिजन सेवक संघ स्थापन झाला. त्याच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, असा प्रश्न आला तेव्हा हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, म्हणून कारभारही त्यांनीच पाहावा, असे उत्तर गांधीजींकडून मिळाले. बाबासाहेबांनी १९४५च्या आपल्या ग्रंथात या भूमिकेची चिकित्सा केली आहे. प्रायश्चित्त घेणाऱ्याच्या हाती ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे भवितव्य जाते, हे त्यातले मर्म. अपंगांच्या क्षेत्रात हे मर्म जगभर पुन्हा सिद्ध झाले. १९८० साली कॅनडातील विनिपेग येथे पुनर्वसनतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची परिषद भरली. प्रतिनिधींत निम्मे अपंग असावेत, ही मागणी तिथे फेटाळली गेली. अपंग प्रतिनिधी बाहेर पडले आणि १९८१ साली सिंगापूरला त्यांनी आपली स्वतंत्र जागतिक संघटना उभी केली. त्यांना क्षमता कोणी शिकवली होती? नकाराने शिकवली.

दलित पँथरचा वारसा सांगणाऱ्यांनी आणखी एक घटना लक्षात ठेवावी. एप्रिल १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे शंभराहून अधिक अपंगांनी सरकारी कार्यालयात ठिय्या दिला. १९७३च्या कायद्यातील भेदभावविरोधी कलमाचे नियम सरकार काढत नव्हते. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते तिथेच राहिले आणि नियमांवर सही घेऊनच बाहेर आले. या काळात त्यांना रोज गरम जेवण ब्लॅक पँथर पक्षाने पुरवले. चाकाच्या खुर्चीतून फिरणारा ब्रॅड लोमॅक्स हा पँथर त्या ठिय्यात होता. पँथरांनी प्रशिक्षण दिले नाही, अहवाल मागितला नाही. त्यांनी जेवण दिले आणि नेतृत्व अपंगांकडेच राहू दिले. १९७२ साली मुंबईत आपण ज्यांचे नाव घेतले, त्यांची ही बाजू आपल्या लेखनात क्वचितच येते.

आपल्या देशातही अपंगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा डिसेंबर १९९५मध्ये मंजूर झाला, तो जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी संसदेच्या दारात उभे राहिल्यानंतर. २००१च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न विचारला गेला तोही अशाच रेट्यामुळे. जे मोजले जात नाहीत त्यांच्यासाठी तरतूदही होत नाही, हे त्यांना कोणत्या कार्यशाळेत समजले नव्हते.

मग संघटनांना काहीच शिकायचे नाही काय? तसे नाही. इतिवृत्त न लिहिणाऱ्या, हिशेब एकाच माणसाच्या खिशात असणाऱ्या संघटना पुष्कळ आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट वेळेवर न गेल्याने कागदोपत्री जुनेच विश्वस्त राहतात आणि नव्यांच्या सहीने बँकेतून पैसा निघत नाही. हे शिकलेच पाहिजे. पण हा दोष अपंगत्वाचा नाही, तो साधनहीनतेचा आहे. आणि साधनांची वाट कशी आखली आहे ते पाहा. कंपन्यांचा सामाजिक निधी मिळवायचा तर बाहेरच्या संस्थेला आयकराची नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत लहान संघटनेपर्यंत येणारी ती धारही आटली. आधी काम दाखवा मग पैसा, आणि पैसा नाही म्हणून काम नाही! या चक्रात सापडलेल्याला ‘क्षमता वाढवा’ म्हणणे ही थट्टा आहे. सभेत सांकेतिक भाषेचा दुभाषी, अंध सभासदाला वाचता येईल अशी कागदपत्रे, खेड्यातून येणाऱ्याच्या मदतनिसाचे एसटी भाडे, एवढा खर्च आधी द्या. क्षमता त्यातून दिसेल.

दुसरी बाजूही तितक्याच कठोरपणे मांडली पाहिजे. अपंगांच्या संघटनेत सगळे अपंग समान नसतात. शहरातील, सवर्ण, शिकलेला पुरुष अध्यक्ष आणि खेड्यातील दलित स्त्री सभासद, हे चित्र इथेही आहे. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींत मात्र २.४५ टक्के. गटारात उतरणे, खाणीत काम करणे, कुपोषण, उपचाराचा अभाव यांचा जातीशी असलेला संबंध सांगायला का हवा? २०१६च्या कायद्याने केंद्रीय सल्लागार मंडळावरील संघटनांच्या दहा प्रतिनिधींत किमान पाच स्त्रिया आणि अनुसूचित जाती व जमातींतील किमान प्रत्येकी एक व्यक्ती असावी असे म्हटले. किती संघटनांनी हे सूत्र आपल्या घटनेत घातले? जातीबद्दल मौन पाळणारी संघटना बळकट झाली, तर प्रस्थापितच बळकट होतील.

आणि आपले साहित्य? व्यवस्थेला आंधळी, सरकारला बहिरे, समाजाला पांगळा म्हणताना आपल्या कवींची लेखणी थबकत नाही. ‘हरिजन’ हे दिलेले नाव नाकारून ‘दलित’ हे नाव मिरवणाऱ्यांना, ‘दिव्यांग’ हे वरून आलेले नाव अनेक अपंग कार्यकर्त्यांना का खटकते, हे तरी कळायला हवे. ज्याला स्वतःची हातांची भाषा आहे तो मुका नसतो. त्याची भाषा न शिकणारा समाज त्याला मुका करतो.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांवर खर्च करावी, असा महाराष्ट्र शासनाचा नियम आहे. ती कुठे खर्च झाली, हा प्रश्न अपंगांच्या संघटनेने ग्रामसभेत उभा करावा. त्या ग्रामसभेत तिच्या शेजारी बसणे, तिला बोलू देणे आणि तिच्या वतीने न बोलणे, एवढे आपल्या कार्यकर्त्यांना जमले पाहिजे. क्षमता वाढवायचीच असेल, तर ती ही.