‘लिहून देणार’ कोण? : १८७५ चे खतदहन व १८७९ चा कायदा यांची भाषिक समीक्षा

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा शिरूर-दौंडचा मुलूख इतिहासाच्या वाचकांस लढायांमुळे परिचित आहे. न्यायालयांच्या इतिहासातही या मुलुखाचे एक स्थान आहे. परंतु त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते. १८७५ च्या उन्हाळ्यात या भागातील कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्या घटनांना सरकारी दप्तरात ‘दख्खनचे दंगे’ असे नाव मिळाले आणि पुढे आपल्या पाठ्यपुस्तकांनीही ते तसेच स्वीकारले. ‘दंगा’ या शब्दात हेतू नसतो, केवळ गोंधळ असतो. प्रत्यक्षात त्या उन्हाळ्यात जे घडले त्यात गोंधळापेक्षा हेतूच अधिक होता, आणि तो हेतू एका भाषिक व्यवहाराशी निगडित होता, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी तीन प्रकारचे लेखन एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजे : सावकारी खत, दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल, आणि त्यानंतर झालेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात पाहू. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी एका सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळविला व त्याच्या बजावणीत देशमुखाचे राहते घर पाडण्यास आरंभ केला. गावाने त्यावर योजलेला उपाय मारहाणीचा नव्हता, बहिष्काराचा होता. सावकाराची जमीन कोणी करीना, त्याच्या दुकानी कोणी जाईना, त्याची नेहमीची कामेही कोणी करीना. हे लोण शेजारच्या गावांत पसरले. पुढे १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी सुपे येथे पहिला मोठा उठाव झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या वेळी ते भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंड तालुक्यातील गावेही भीमथडीतच मोडत असत. तेथून हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ लोकांस अटक झाली व ५०१ जणांस शिक्षा झाल्या. जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती : खते व हुकूमनामे बाहेर काढा. ती मुकाट्याने हवाली केली गेली, तेथे सहसा पुढे काही घडले नाही. ही गोष्ट खुद्द आयोगानेच नमूद केली आहे. लुटीसाठी जमलेला जमाव धान्य सोडून कागद जाळीत बसत नाही. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, त्या कागदात जाळण्याजोगे असे काय होते?

‘खत’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ रेघ, लिखाण, हस्ताक्षर. मराठी व्यवहारात तो कर्जाच्या दस्तऐवजासाठी रूढ झाला. खताच्या रचनेत दोन पक्ष असतात : ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’. कर्ज देणारा तो लिहून घेणार. कर्ज घेणारा तो लिहून देणार. ‘कारणे लिहून देतो ऐसाजे’ या ठरीव वळणानंतर जो मजकूर येतो तो प्रथमपुरुषी असतो. मी तुमच्यापासून इतके रुपये रोख घेतले, इतक्या मुदतीत इतक्या व्याजाने फेडीन, न फेडल्यास माझ्या जमीनजुमल्यावरून वसूल करावे, असे त्यात ऋणको स्वतः बोलत असतो. व्याकरणदृष्ट्या कर्ता तोच. पण वस्तुतः त्या वाक्यांतील एकही शब्द त्याचा नसे. मजकूर सावकाराच्या सांगण्यावरून कोणी लेखक मोडीत लिही. कुणब्यास मोडी वाचता येत नसे. आणि अखेरीस सहीच्या जागी तो नांगराची निशाणी करी. जन्मभर नांगर धरणारा हात कागदावरही नांगरच काढी, आणि त्या एका आकृतीने वरचा सगळा मजकूर त्याच्या तोंडचा ठरे. ज्याने लिहिले नाही तो ‘लिहून देणार’, आणि ज्याने लिहविले तो केवळ ‘घेणार’, असा हा विलक्षण प्रयोग आहे.

पेशवाईतही खते होतीच. मग ती जाळण्याची पाळी १८७५ मध्येच का यावी? याचे उत्तर खताच्या भाषेत नाही, ते वाचणाऱ्या संस्थेत आहे. पूर्वी सावकारास वसुलीसाठी गावाच्या पंचांकडे पाहावे लागे. आणि पंचांस खताबरोबर त्यामागची हकीकतही ठाऊक असे. १८५९ मध्ये दिवाणी कामकाजाची संहिता व मुदतीचा कायदा असे दोन कायदे झाले. पहिल्याने दूरच्या न्यायालयात कागद हाच मुख्य साक्षीदार झाला. दुसऱ्याने साध्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम मात्र उलटा झाला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेण्याची वहिवाट पडली. उदाहरणादाखल, दरमहा शेकडा दोन दराने घेतलेले १०० रुपये तीन वर्षांनी १७२ होतात. त्याचे नवे खत झाले की सहा वर्षांनी सुमारे २९६, आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९. वास्तविक दामदुपटीचा जुना नियम, म्हणजे व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक घेऊ नये हा, मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत होती. पण वरील हिशोबात व्याज कोणत्याही एका खतापुरते मुद्दलाच्या शेकडा ७२ हून वर जातच नाही! नियम शाबूत राहिला आणि त्यातील न्याय तेवढा निसटला. शिवाय प्रत्येक नव्या खतात ‘रोख घेतले’ हेच क्रियापद. जे कधी घेतलेच नाही ते घेतल्याची कबुली लिहून देणाराच्या तोंडून दर तीन वर्षांनी नव्याने वदविली जाई.

असा कागद न्यायालयात आल्यावर प्रतिवादीने काय बोलावे? निशाणी त्याचीच, ती नाकारता येत नाही. लांबचा प्रवास, खर्च, वकिलाची फी, आणि बोलूनही उपयोग नाही ही खात्री यांमुळे बहुसंख्य प्रतिवादी हजरच राहत नसत व दावे एकतर्फी निकालात निघत. ‘फिर्याद’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेली हाक असा आहे. ज्याची हाक खरी, तो मात्र या न्यायालयात मुका होता. खताने त्याचा प्रथमपुरुष आधीच वापरून टाकला होता. १८७५ मध्ये खते जाळणाऱ्यांनी खोट्या कबुलीचा हा प्रथमपुरुष जाळला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आयोगाच्या अहवालाकडे वळू. १८७५ मध्ये नेमलेल्या या आयोगात ऑकलंड कॉल्व्हिन यांच्यासारखे अनुभवी अधिकारी होते. त्या काळच्या सरकारी लेखनात हा अहवाल अनेक दृष्टींनी उजवा आहे. कुणबी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, हे सोयीचे मत अहवालाने उचलून धरले नाही. या खर्चास अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असाच त्याचा निष्कर्ष आहे. दिवाणी कायद्याच्या यंत्रणेने सावकाराच्या हाती अपूर्व शक्ती दिली, हेही त्याने मान्य केले. स्वतःच्याच राज्ययंत्रणेस दोष देणे सोपे नसते. त्याचे श्रेय आयोगास दिलेच पाहिजे.

तथापि अहवालाचा मोठा दोष त्याच्या दृष्टीपेक्षा त्याच्या वाक्यरचनेत आहे. त्यात ‘रयत’ ही सर्वत्र तृतीयपुरुषी व समूहवाचक आहे. रयत गांजली, रयत भुलली, रयत भडकली, अशा धर्तीने ती येते. तिच्यावर क्रिया घडतात. ती स्वतः विचारपूर्वक क्रिया करीत नाही. कर्डे येथील बहिष्कार हा योजनाबद्ध, शिस्तीचा आणि आरंभी अहिंसक व्यवहार होता. कोणते काम थांबवावयाचे व कोणी थांबवावयाचे याविषयी गावोगाव एकमत झाल्यावाचून तो घडणे शक्य नव्हते. एका अर्थी तो गावाने दिलेला निकालच होता. अहवालात मात्र तो दंग्याची पूर्वसूचना म्हणून येतो. खताने कुणब्याच्या तोंडी खोटे शब्द घातले. अहवालाने त्याच्या तोंडचे खरे शब्दही आपल्या भाषेत सांगितले. दोन्हींत अंतर मोठे आहे, पण बोलणारा दोन्हीकडे दुसराच आहे.

या पार्श्वभूमीवर १८७९ चा सतरावा कायदा वाचला की त्याचे वेगळेपण डोळ्यांत भरते. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्याची चर्चा बहुधा अर्थशास्त्राच्या अंगाने होते : पतपुरवठा आटला की नाही, जमिनी वाचल्या की नाही. ती चर्चा आवश्यक आहे. पण कायद्याचा गाभा निराळा आहे. सातव्या कलमाने न्यायालयावर प्रतिवादीची साक्ष घेण्याची जबाबदारी टाकली. बाराव्या कलमाने खतापाशी न थांबता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे बंधन घातले. तेराव्याने मुद्दल व व्याज यांचे हिशोब वेगळे करून व्याजावरील व्याज काढून टाकले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी ऋणकोस कैदेत टाकणे बंद झाले. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर झाला पाहिजे, परतफेडीची पावती मागण्याचा त्यास अधिकार आहे, अशीही तरतूद झाली. या सर्व कलमांचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे : ‘लिहून देणार’ याला ‘सांगणार’ होण्याचा अधिकार मिळाला. शपथेवर तो जेव्हा ‘मी इतकेच घेतले होते’ असे म्हणे, तेव्हा खतातील ‘मी’ आणि साक्षीतील ‘मी’ समोरासमोर येत, आणि कोणता खरा हे ठरविणे न्यायाधीशास भाग पडे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर जाण्यापूर्वी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम केले, ही गोष्ट येथे स्मरणीय आहे.

हा कायदा म्हणजे मायबाप सरकारची कृपा होय, असे एक मत आहे. ते पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही. त्याच दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी केली होती व लवाद न्यायालयाचा प्रयोगही केला होता. न्याय कागदापलीकडे पाहणारा असावा ही मागणी पुण्याच्या सभागृहात अर्जाच्या भाषेत आणि कर्डे-सुप्याच्या रानात अग्नीच्या भाषेत, अशी दोन्हीकडे उच्चारली गेली होती. कायद्याने तिचे कलमांत भाषांतर केले, एवढेच.

मात्र भाषांतरात काही गळतेही. कायद्याचा लाभ ‘शेतकरी’ या शब्दाच्या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळे. त्यामुळे अमुक मनुष्य शेतकरी आहे की नाही, यावरच न्यायालयांत दीर्घकाळ वाद चालले. रोजच्या बोलीत ज्या शब्दाविषयी कोणालाही शंका नसते, तोच न्यायालयाच्या दारावरचा पहारेकरी झाला. दुसरे असे की, गहाणखताचा इतिहास तपासला जातो हे कळताच सावकार गहाणाऐवजी खरेदीखत करून घेऊ लागले. कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन केवळ तोंडी राही. यावर उपाय म्हणून पुढील दुरुस्तीने, पुराव्याच्या कायद्यातील निर्बंध बाजूस सारून, व्यवहाराचे खरे स्वरूप ठरविण्यासाठी तोंडी पुरावा घेण्याची मुभा न्यायालयास दिली गेली. लेखी शब्दाच्या तुलनेत बोललेल्या शब्दास इतके वजन देणारी तरतूद कायद्याच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

या प्रश्नाचे मूळ, सिद्ध कोणी करावयाचे, यात आहे. नागरी हक्कांचा पुढील मोठा न्यायालयीन लढा, महाडच्या चवदार तळ्याचा, याच मुद्द्यावर उभा राहिला. डिसेंबर १९२७ मध्ये स्पृश्य वादींनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दावा लावला. अस्पृश्यांस तळ्यावर येऊ न देण्याची आपली वहिवाट अनादि आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. अशी वहिवाट वादींस पुराव्याने सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. अस्पृश्यतेचा तात्त्विक निषेध हा काही त्या निकालाचा आधार नव्हता, आणि ही त्याची मर्यादा लपविण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्याजवळ सत्ता आहे त्यानेच आपला दावा सिद्ध केला पाहिजे, हे तत्त्व तेथे टिकले. खतातील ‘रोख घेतले’ काय किंवा रूढीतील ‘अनादि’ काय, प्रबळ पक्षाने उच्चारलेला शब्द केवळ उच्चारला म्हणून खरा ठरत नाही. शिरूर-भीमथडीच्या कुणब्यांच्या बाजूने १८७९ मध्ये जे मान्य झाले, त्याचाच व्यापक आविष्कार महाडच्या निकालात दिसतो.

१८७९ च्या कायद्याची जागा १९४७ च्या कृषिऋणविषयक कायद्याने घेतली. मोडी गेली, नांगराची निशाणी गेली. ‘खत’ हा शब्दही आता मुख्यत्वे शेतात टाकावयाच्या खतापुरता उरला आहे. प्रश्न मात्र गेलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही, खरेदीखताच्या आड दडलेला कर्जव्यवहार तपासून जमीन मूळ मालकास परत देण्याची तरतूद करावी लागली, यातच सर्व काही आले. कर्जाचे छापील अर्ज आजही प्रथमपुरुषी असतात; आणि ‘मी वाचले, मला समजले’ या वाक्याखाली सही करणाऱ्याने ते वाचलेले असतेच असे नाही.

भाषाभ्यासकांस येथे मोठे कार्यक्षेत्र आहे. जुन्या खतांचा अभ्यास आपण आजवर शब्दसंग्रहासाठी व लिपीसाठी केला. त्यांतील सर्वनामांचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे. दस्तऐवजातील ‘मी’ कोणाचा, हा प्रश्न व्याकरणाचा आहे तितकाच न्यायाचाही आहे. आणि तो प्रथम विचारला तो कोणत्याही विद्यापीठाने नव्हे, तर ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते अशा शिरूर-भीमथडीच्या कुणब्यांनी.