हत्ती माजला, माहूत कोठे गेला?

परकीय नेत्यांच्या हत्येचे कट सी.आय.ए.ने रचले काय, याची चौकशी अमेरिकन सिनेटच्या समितीने केली. तिचे अध्यक्ष होते फ्रँक चर्च. अहवाल नोव्हेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या राष्ट्राने आपल्याच गुप्तहेर यंत्रणेची अशी जाहीर झडती घ्यावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. तिचे मोल मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. परंतु हा अहवाल वाचताना एक प्रश्न सारखा छळतो : या कृत्यांचा कर्ता कोण?

चौकशी चालू असताना खुद्द चर्च यांनी सी.आय.ए.ची तुलना माजलेल्या हत्तीशी केली. ही प्रतिमा गाजली. पण ती तपासून घेतली पाहिजे. हत्ती माजला असे एकदा म्हटले की माहुताला कोणी जाब विचारीत नाही.

इतिहास काय सांगतो? १९४७ च्या कायद्याने ही यंत्रणा ट्रुमन यांच्या कारकीर्दीत जन्मली. जून १९४८ मध्ये एक गुप्त आदेश निघाला : कारवाया अशा आखाव्यात की त्या उघडकीस आल्या तरी सरकारला हात झटकता यावेत. म्हणजे नाकबुली ही मागाहून सुचलेली सबब नव्हती. ती मूळ आराखड्यातच होती. डिसेंबर १९६३ मध्ये याच ट्रुमन यांनी वृत्तपत्रात लिहिले की, असल्या कारवायांसाठी आपण ही यंत्रणा उभारलीच नव्हती!

अहवालाचा खरा गाभा भाषेचा आहे. वरिष्ठांसमोर ‘ठार मारा’ असे स्पष्ट बोलायचे नाही, आडवळणाने सुचवायचे, ही रीत समितीनेच नोंदविली आहे. लुमुम्बा आणि कॅस्ट्रो यांच्याविरुद्धचे कट सिद्ध झाले. परंतु आयझेनहॉवर व केनेडी यांनी हुकूम दिला होता काय, याचा अंतिम निर्णय समितीला देता आला नाही. आडवळणी भाषेने आपले काम चोख बजावले होते.

क्वचित हुकमाचा कागद मागे राहतो. १५ सप्टेंबर १९७० रोजी निक्सन यांनी चिलीत आयेंदे यांना सत्तेवर येऊ देऊ नका, असे सी.आय.ए.चे संचालक हेल्म्स यांना बजावले. हेल्म्स यांची हस्तलिखित टिपणे उपलब्ध आहेत. एक कोटी डॉलर खर्चाची तयारी त्यांत नमूद आहे. पुढे सिनेटपुढे पूर्ण सत्य न सांगितल्याबद्दल १९७७ मध्ये हेल्म्स यांना दोन हजार डॉलर दंड आणि तहकूब ठेवलेली कैद झाली. हुकूम देणाऱ्यावर चिलीबद्दल खटला झाला नाही.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे प्रकरण ‘ऑपरेशन केऑस’चे आहे. युद्धविरोधी आणि कृष्णवर्णीयांच्या चळवळींमागे परकीय हात आहे, याचा पुरावा जॉन्सन यांना हवा होता. देशांतर्गत सुरक्षेच्या कामास कायद्याने मनाई असूनही १९६७ पासून सी.आय.ए.ने नागरिकांवर पाळत ठेवली. सुमारे ७,२०० अमेरिकन नागरिकांच्या फायली तयार झाल्या. परकीय सूत्रधार सापडत नाही, असे यंत्रणा कळवीत राहिली. जॉन्सन आणि नंतर निक्सन यांचे समाधान होईना. येथे तर अंकुश माहुताच्याच हाती होता. ज्या ब्लॅक पँथरचे नाव १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपलेसे केले, ती चळवळही या पाळतीखाली होती. पायाखाली तुडविलेला माणूस स्वतःच्या बुद्धीने उठू शकतो, हे सत्तेला पटत नाही. तिला त्याच्यामागे कोणीतरी परका हवाच असतो.

प्रतिनिधीगृहाच्या पाइक समितीने, ही यंत्रणा अध्यक्षांच्या आज्ञेतच वागली, असा निष्कर्ष काढला. तो अहवाल जानेवारी १९७६ मध्ये सभागृहाने मतदान करून रोखला. पुढच्याच महिन्यात तो वृत्तपत्रातून फुटला. चर्च समितीनेही एप्रिल १९७६ च्या अंतिम अहवालात, यंत्रणा एकंदरीत हाताबाहेर गेलेली नव्हती, असे मान्य केले. तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो हत्तीच.

१९७४ च्या कायद्याने गुप्त कारवाईस अध्यक्षांचा निर्णय आवश्यक ठरला. पण १९८५ मध्ये इराणला शस्त्रे गेल्यानंतर रेगन यांची सही झाली, आणि तो कागद १९८६ मध्ये त्यांच्याच सल्लागाराने नष्ट केला.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच : कोणत्याही चौकशीचा अहवाल हाती आला की प्रथम व्याकरण पाहा. ‘केले गेले’, ‘घडले’, ‘कळविण्यात आले’ अशी क्रियापदे दिसली, की त्यांचा कर्ता शोधा.