शालेय अध्यापनातील ब्ल्यूज : इतिहास आणि आख्यायिका

अमेरिकेत २००३ हे वर्ष ‘ब्ल्यूज वर्ष’ म्हणून साजरे झाले. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या पुढाकाराने सात दिग्दर्शकांनी केलेली ‘द ब्ल्यूज’ ही चित्रपटमालिका त्याच वर्षी पीबीएसवरून प्रसारित झाली आणि तिच्या जोडीने शिक्षकांसाठी मार्गदर्शिकाही निघाली. पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या हाती इतिहास म्हणून नेमके काय दिले जाते, हे तपासणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

प्रचलित मांडणी मिसिसिपी डेल्टापासून सुरू होते : गिटार घेतलेला एकाकी पुरुष, मध्यरात्रीचा चौरस्ता, सैतानाशी केलेला सौदा. रॉबर्ट जॉन्सनची ही आख्यायिका वर्गात रंगते यात नवल नाही. परंतु १९३६-३७ मध्ये अवघी एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित करून १९३८ मध्ये निधन पावलेला हा गायक तत्कालीन कृष्णवर्णीय श्रोत्यांना फारसा परिचित नव्हता. त्याला डेल्टाचा ‘राजा’ ठरवले ते १९६१ च्या दीर्घमुद्रिकेने, आणि तेही मुख्यतः गोऱ्या तरुण रसिकांसाठी. एलायजा वाल्ड यांनी ‘एस्केपिंग द डेल्टा’ (२००४) या ग्रंथात हे साधार दाखवले आहे. आख्यायिका वगळावी असे नव्हे. ती १९६१ च्या प्रकरणात शिकवावी.

ध्वनिमुद्रित ब्ल्यूजची बाजारपेठ खुली केली ती एका स्त्रीने. मेमी स्मिथने ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कला गायिलेल्या ‘क्रेझी ब्ल्यूज’चा खप पाहून कंपन्यांना कृष्णवर्णीय ग्राहकाचा शोध लागला. १९२३ मध्ये बेसी स्मिथ व मा रेनी यांच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. रंगमंच, वाद्यवृंद, झगमगीत पोशाख असे हे व्यावसायिक ब्ल्यूज ‘अस्सल’पणाच्या कल्पनेत बसत नाहीत, म्हणून पाठात त्यांच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. अँजेला डेव्हिस यांनी १९९८ च्या आपल्या अभ्यासात या गायिकांच्या प्रेमगीतांकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना जोडीदार निवडण्याचा हक्कच नव्हता, त्यांनी प्रेमाविषयी व शरीरसुखाविषयी मोकळेपणाने गाणे हीच गुलामगिरीच्या अंताची एक खूण होती. विद्यार्थ्यांच्या वयाला हा मुद्दा सैतानाच्या कथेपेक्षा अधिक भिडावा.

वर्गातील दुसरी आवडती कृती म्हणजे तीन ओळींचे कडवे रचणे : एक ओळ, तिची पुनरावृत्ती, मग उत्तर. साचा कळतो, हे खरे. मात्र मुले आपापले दुःख लिहून मोकळी होतात आणि ब्ल्यूज म्हणजे विव्हळणे हा समज पक्का होतो. तिसऱ्या ओळीत अनेकदा थट्टा असते, आणि हे संगीत नाचण्यासाठीही होते, हे राहूनच जाते.

उपरोक्त मालिकेतील चार्ल्स बर्नेट यांचा चित्रपट येथे अधिक उपयोगी वाटतो. मिसिसिपीत नातेवाइकांकडे आलेल्या मुलाला एक आप्त ब्ल्यूजच्या दुनियेत हिंडवतो. घरच्यांना मात्र त्याला धर्माच्या वाटेवर आणायचे असते. कालानुक्रम त्याला कोणीच समजावीत नाही. चर्च आणि ब्ल्यूज एकाच कुटुंबात भांडतात, आणि मुलगा दोन्हीकडचे ऐकत राहतो.