हिंदी चित्रपटातील पिस्तूल : ‘सत्या’ आणि चकमकीला मिळणारी संमती

चित्रपटातील हिंसेविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा रक्ताच्या प्रमाणापाशी येऊन थांबते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये १९९१ साली केंद्र शासनाने जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांत हिंसेचे उदात्तीकरण वा समर्थन होऊ नये, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांसाठी सात, तेरा व सोळा वर्षे असे वयोगट निश्चित केले. दृश्य किती उग्र आहे आणि पाहणारा किती लहान आहे, या दोन प्रश्नांभोवतीच ही व्यवस्था प्रामुख्याने फिरते. शस्त्र कोणाच्या हाती आहे आणि कोणत्या अधिकाराने चालते, हा प्रश्न चर्चेत क्वचितच येतो.

अमेरिकेत पडद्यावरील बंदुकीविषयी जी चिंता व्यक्त होते, तिच्यामागे तेथे शस्त्र सहज उपलब्ध असल्याची वस्तुस्थिती आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे सामान्य नागरिकाला परवान्याविना पिस्तूल बाळगता येत नाही (गावठी कट्ट्यांचा व्यापार ही स्वतंत्र बाब होय). त्यामुळे अनुकरणाचा सिद्धान्त जसाच्या तसा उचलून येथील चित्रपटांना लावणे फारसे उपयोगाचे नाही. येथील प्रेक्षक चित्रपटगृहातून पिस्तूल घेऊन बाहेर पडत नाही. मात्र गोळीबाराविषयीचे एक मत घेऊन तो बाहेर पडतो.

‘मदर इंडिया’ (१९५७) मधील राधा गावाच्या अब्रूसाठी स्वतःच्या मुलावर, बिरजूवर, बंदूक चालवते. महेश मांजरेकर यांच्या ‘वास्तव’ (१९९९) मध्येही शेवटी आईच रघूला गोळी घालते. पण राधेच्या कृतीमागे गाव उभे आहे. रघूची आई एकटी आहे. बेचाळीस वर्षांच्या अंतरात न्यायाची जागा सुटकेने घेतली.

या पार्श्वभूमीवर राम गोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ (१९९८) अधिक बारकाईने पाहण्याजोगा ठरतो. मुंबईतील टोळीयुद्धाला आकर्षक रूप दिल्याचा आक्षेप या चित्रपटावर घेता येतो. भिकू म्हात्रेचे लोभस व्यक्तिमत्त्व पाहता तो अगदीच निराधार नाही. तथापि चित्रपटातील शस्त्राचा वापर या आक्षेपाला पुरता जुळत नाही. भाऊ ठाकुरदास जावळे भिकूला ठार करतो ते ऐन आनंदाच्या क्षणी, सोबत्यांसमोर, अचानक. द्वंद्व नाही, आव्हान नाही, मरणाऱ्याला शेवटचे भाषणही नाही. चित्रपटगृहातील प्रसंग तर याहून बोलका आहे. पोलिसांच्या वेढ्यातून निसटण्यासाठी सत्या गोळी झाडतो आणि जीव जातात ते चेंगराचेंगरीत. पिस्तुलाची खरी शक्ती गोळीपेक्षा भयात असते, हे येथे एकही वाक्य न उच्चारता सांगितले जाते. जावळेचा सूड सत्या गणेश विसर्जनाच्या गर्दीत घेतो, तोही सुऱ्याने.

तरीही ‘सत्या’ एका ठिकाणी गप्प राहतो. पोलीस आयुक्त आमोद शुक्ला यांच्या कारकिर्दीत पोलिसांना मोकळा हात मिळतो आणि टोळीतील माणसे मारली जाऊ लागतात. चित्रपट हे दाखवतो, पण तेथे थबकत नाही. पडद्याबाहेर मात्र १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ व्यक्तींचा मृत्यू झाला होता आणि हा विषय न्यायालयात गेला होता. म्हणजे ज्या शहरातील वास्तव टिपल्याबद्दल ‘सत्या’ची प्रशंसा झाली, त्या वास्तवाचा एक मोठा भाग त्याने कथानकाच्या सोयीपुरताच वापरला.

पुढील दशकात हे मौन समर्थनात बदलले. शिमित अमीन यांच्या ‘अब तक छप्पन’ (२००४) च्या शीर्षकातच मृतांची मोजणी आहे. मात्र व्यवस्थेतील किडीकडेही तो पाहतो, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. १६ नोव्हेंबर १९९१ च्या चकमकीवर बेतलेला ‘शूटआउट अॅट लोखंडवाला’ (२००७) तसा संकोच बाळगत नाही. त्यात पोलिसांच्या कृतीची चौकशी आहे, वकील आहे, प्रश्नोत्तरे आहेत. पण युक्तिवाद अखेरीस येऊन ठेपतो तो, घराबाहेर शस्त्र घेऊन गुंड उभा असावा की पोलीस, या निवडीवर. शस्त्राविना उंबरठ्याची शक्यताच या प्रश्नातून वगळलेली आहे. प्रमाणन मंडळाची कात्री अशा वाक्याला लागत नाही, कारण त्यात रक्त नसते.

२३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात चकमकीतील मृत्यूंच्या तपासासाठी सोळा निर्देश दिले. गुन्ह्याची नोंद, स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी, आणि घटनेनंतर लगेच बढती वा शौर्यपदक न देणे, हे त्यांतील काही होत. यांपैकी शेवटचा निर्देश चित्रपटाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. लोकप्रिय चकमकपटाचा शेवट बहुधा ज्या गौरवावर होतो, नेमका तोच न्यायालयाने पुढे ढकलला आहे. ‘सत्या’च्या शेवटी विद्याच्या दाराशी पोलिसांच्या गोळीने नायक कोसळतो, तेव्हा टाळ्या वाजवणारे कोणी नसते.