बैठकीतली एक खुर्ची

यंदा दिवाळीच्या साफसफाईला रामाकोन्याला गेले, तर दादाने बैठकीतली गाण्याची मशीन अंगणात काढून ठेवलेली. कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि टर्नटेबल. "ताई, नागपुरात विचारून आलो. कोणी घेत नाही. कबाडी म्हणतो, किलोच्या भावाने देतो पैसे."

1984 साली आंबिया बहाराचे पैसे हाती आले, तेव्हा बाबांनी ही मशीन बर्डीवरून घेतली. छोट्या गाडीतून येताना अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर धरून बसले होते म्हणे. ती नॅरोगेजची गाडी 2015 मध्ये बंद झाली. आता मशीनही तराजूवर चढायला निघाली होती.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. 1946 पासून चालत आलेली जपानची ओन्क्यो कंपनी 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी मासिमो या अमेरिकन कंपनीने डेनॉन, मरांट्झ, बॉवर्स अँड विल्किन्स अशी मोठमोठी नावं 100 कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतली, आणि 2025 मध्ये ती 35 कोटी डॉलरला विकून टाकली. आपल्याकडे बैठकीची जागा टीव्हीने घेतली, गाण्याची फोनने. म्हाताऱ्या माणसांसाठी 2017 मध्ये पाच हजार गाणी भरलेला कारवाँ आला. बटण दाबलं की गाणं सुरू! मग लाखभर रुपये लावून स्पीकर कोण घेणार? एलपीचे शौकीन वाढलेत, हे खरं. अमेरिकेत 2022 मध्ये सीडीपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या. पण एलपी घेणारा प्रत्येक जण भारी स्पीकर घेतोच असं नाही.

यावर जाणकार रसिक हळहळतात. म्हणतात, ऐकणंच संपलं. मी असले लेख वाचते तेव्हा मनात येतं, बाप्पा, कोणाचं ऐकणं?

स्टिरिओची रचनाच बघा. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने 1931 मध्ये तिचं पेटंट मागितलं. दोन स्पीकर आणि ऐकणारा, असा तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण जमला की गाणारी व्यक्ती समोर बसल्यासारखी वाटते. तबला एकीकडे, पेटी दुसरीकडे. थोडं बाजूला सरकलं की तो भास मोडतो. म्हणजे एवढ्या महागाच्या यंत्रात खरी जागा एकाच खुर्चीची. आमच्याकडे त्या खुर्चीवर बाबा बसत.

आमचं जेवण दिवस मावळायच्या आत होई. त्यामुळे संध्याकाळ बाबांना मोकळी. बाईला मात्र भांडी, दूध, अंथरुणं, आजीचे पाय दाबणं. मशीन ज्या भिंतीला लागून होती, तिच्या पलीकडे स्वयंपाकघर. भिंतीतून जाड आवाज पार होतात, बारीक आवाज अडतात. डग्गा पोहोचे, तानपुऱ्याची झणकार नाही. शब्द अर्धेमुर्धे. तीसेक वर्षं बाईने किशोरी आमोणकर अशी ऐकली. घरात मशीन आहे म्हणजे सगळ्यांना गाणं मिळतं, असं आम्ही धरून चाललो. मीसुद्धा.

म्हणून फोनला मी सरसकट नावं ठेवत नाही. माझ्या भाचीच्या कानात तिचं स्वतःचं गाणं आहे. त्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नाही की कोणाची खुर्ची रिकामी व्हायची वाट पाहावी लागत नाही. ही लहान गोष्ट नाही.

पण मैत्रिणींनो, आपणही जरा स्वतःला विचारू या. आपण फोनवर ऐकतो ते कणीक मळताना, भाजी चिरताना, गाडीची वाट बघताना. एलपीची एक बाजू वीसेक मिनिटं चाले. मधलं गाणं ओलांडायला उठून सुई उचलावी लागे, म्हणून माणूस बसून राही आणि सुरुवातीला न आवडलेलंही हळूहळू आवडू लागे. हे मात्र खरंच गेलं. आपल्यात बाईला श्राविका म्हणतात, म्हणजे ऐकणारी. ऐकणं हेच एक काम आहे, ते दुसरं काम करता करता उरकायचं नसतं, हे आपल्या नावातच सांगितलंय. तरी गाणं असो की प्रवचन, आपला एक हात कामातच असतो. भिंत गेली, पण खुर्चीवर आपण अजून बसलेलो नाही.

दादाला म्हटलं, ठेव ती मशीन. टर्नटेबलचा पट्टा सैल पडला होता, तो नवा मागवून बसवला. बाईला बाबांच्या खुर्चीवर बसवलं आणि किशोरीताईंची एलपी लावली. बाई अठ्ठ्याहत्तरची आहे. वय झालं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. मी विचारलं, "तानपुरा येतोय का गं ऐकू?" तिने मान हलवली. "डग्गा येतो. नेहमीसारखा."

मग पाच मिनिटांत ती उठायला लागली. गॅसवर दूध होतं. मी म्हटलं, दूध दादा बघेल. दादा गेलाही, जरा गोंधळून. बाई पुन्हा टेकली. ती बाजू संपेपर्यंत बसली. दूध उतू गेलं, तरी उठली नाही.