वीरांगना आणि वैमानिक

युद्धातील स्त्रीचे चित्र काढावयाचे म्हटले की आमच्या कथाकारांस तलवारीवाचून चालत नाही. नायिका एकटी असावी, भोवतालचे पुरुष भ्याड अथवा दुष्ट असावेत, म्हणजे वीररस सिद्ध झाला अशी त्यांची समजूत असते. शरण शर्मा यांनी दिग्दर्शित केलेला ‘गुंजन सक्सेना : द कारगिल गर्ल’ हा २०२० सालचा हिंदी बोलपट याच समजुतीत अडकला आहे. तो घरोघरी बसून पाहिला गेला आणि आईबापांनी मुलींना कौतुकाने दाखविला. तेव्हा त्याजकडे केवळ करमणूक म्हणून पाहून सोडून देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

या समजुतीचे जुने उदाहरण आमच्या नगर जिल्ह्यातच आहे. १५९५-९६ साली शाहजादा मुरादच्या सैन्याने नगरच्या किल्ल्यास वेढा घातला आणि सुरुंगाने तट फोडला. चांदबीबीने ते खिंडार लढवून धरले व रातोरात तट पुन्हा उभारून घेतला, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे तिच्या शौर्याचा अर्धा भाग गवंडीकामाचा होता! परंतु तिची जी चित्रे प्रसिद्ध आहेत त्यांत ती घोड्यावर बसून बहिरी ससाणा घेऊन शिकारीस निघालेली आहे. नगरच्या पूर्वेस डोंगरावर जो ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून दाखवितात, तो तर वस्तुतः सलाबतखानाचा मकबरा आहे. लोकांनी तिला न बांधलेला महाल दिला आणि तिने बांधविलेली भिंत मात्र विस्मृतीत टाकली.

प्रस्तुत बोलपटात असेच घडले आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघी वायुदलाच्या वैमानिक चीता हेलिकॉप्टर चालवीत होत्या. चीता हे लहान व निःशस्त्र वाहन. जखमी सैनिकांस खाली आणणे, रसद पोहोचविणे, शत्रूच्या ठाण्यांची टेहळणी करणे ही त्यांची कामे. द्रास, बटालिकच्या उंचीवर हवा विरळ असते. पात्यांस पुरेसा आधार मिळत नाही आणि इंजिनाचीही शक्ती घटते. इंधन अधिक घ्यावे तर जखमी माणूस उचलता येत नाही, आणि कमी घ्यावे तर परतीची शाश्वती राहत नाही. असा हिशेब करून शत्रूच्या माऱ्याखाली उडणे, यात नाट्य नाही असे कोण म्हणेल?

परंतु पटकथाकारांस ते पुरेसे वाटले नाही. त्यांनी दुसऱ्या वैमानिक स्त्रीस पडद्यावरून काढून टाकले, अधिकाऱ्यांस खलपुरुष केले आणि नायिकेस सर्वांसमक्ष पंजा लढवावयास लाविले. श्रीविद्या राजन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, उधमपूरला दोघींची नेमणूक एकदमच झाली होती आणि पंजा लढविण्याचा असला प्रकार कधी घडला नाही. वायुदलानेही चित्रपट प्रमाणन मंडळाकडे आपला आक्षेप नोंदविला. संस्थेची अब्रू सांभाळणे हे टीकाकाराचे काम नव्हे. आमचा आक्षेप निराळा आहे. एकीस ‘पहिली’ ठरविण्यासाठी दुसरीस नाहीशी करणे हा स्त्रियांचा गौरव कसा होईल?

कोणी म्हणतील, स्त्रियांस अडथळे खरोखरच होते. होतेच, श्रीविद्या राजन यांनीही आरंभी काही सहकाऱ्यांच्या मनात साशंकता होती असे सांगितले आहे. परंतु मोठा अडथळा नियमांत होता. त्या काळी वायुदलात स्त्रीस केवळ अल्पमुदतीची नेमणूक मिळे. स्थायी सेवेचा मार्ग २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने मोकळा झाला. हा अन्याय एका दुष्ट अधिकाऱ्याच्या माथी मारता येत नाही, म्हणूनच तो पडद्यावर दाखविणे कठीण.

विलायतेतही हाच अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील हजाराहून अधिक स्त्रियांनी सैन्याची विमाने ठिकठिकाणी पोहोचविली. त्यांत ३८ जणी मृत्यू पावल्या. त्यांची गणना नागरी कर्मचाऱ्यांत होत असल्यामुळे त्यांस सैनिक म्हणून मान्यता मिळावयास १९७७ साल उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये मात्र तेच काम करणाऱ्या स्त्रियांस १९४३ साली पुरुषांइतके वेतन मिळाले. त्या एका निर्णयात जितका आदर आहे, तितका शंभर पोवाड्यांत नसेल.

बोलपटात गुण नाहीत असे नाही. पंकज त्रिपाठी यांनी रंगविलेला पिता ही त्यातील सर्वांत सच्ची व्यक्तिरेखा होय. मुलीच्या इच्छेस तो आरडाओरड न करता पाठबळ देतो, तेव्हा प्रेक्षकाचे डोळे आपोआप पाणावतात. त्या प्रसंगांत खलपुरुषाची गरज पडली नाही, हे दिग्दर्शकाने स्वतःच ध्यानी घ्यावयास हवे होते.

आज आमच्या जिल्ह्यास अहिल्यादेवींचे नाव मिळाले आहे. त्यांची कीर्ती घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांवर उभी आहे. अशा जिल्ह्यातील मुलीस तरी आपण असे शिकवू नये की, अपमान सोसून एकटीने जिंकणे म्हणजेच पराक्रम. डोंगराच्या कड्यावर हेलिकॉप्टर स्थिर धरून जखमी माणूस आत घेतला जातो, त्या दोन मिनिटांचे यथार्थ वर्णन ज्या लेखकास साधेल, त्याची कृती आम्ही मोठ्या आनंदाने वाचू.